जिथे ज्योत नाही, तिथे काजळी!

विद्यार्थी मित्रांनो, कंदिलाची काच काळी का होते, हे तुम्हांला कोणी सांगायला नको. वात जास्त वर केली, ज्योतीला हवा पुरेना, की न जळलेला कार्बन काचेवर जाऊन बसतो. चुलीवरच्या पातेल्याचे बूड काळे होते तेही याच कारणाने. ज्योत असेल तिथे काजळी धरायची, हा आपला नेहमीचा अनुभव.

आता एक कोडे पाहा. मोटारीच्या काही नव्या पेट्रोल एंजिनांत काळे किटण भरपूर साचते ते अशा एका जागी, की जिथे ज्योत कधी पोहोचत नाही आणि पेट्रोलचा थेंबही पडत नाही. त्या जागेवरून जाते ती गाळणीतून गाळून घेतलेली हवा. मग हे किटण येते कोठून? याहूनही नवलाची गोष्ट अशी की, आधीच्या एंजिनांत नेमके याच जागेवर पेट्रोल पडत असे, आणि तरी तेथे किटण कमी साचे. म्हणजे इंधन दूर नेले आणि काजळी वाढली!

हे कोडे सोडवण्यासारखे आहे. कारण या किटणावरची ‘रामबाण’ औषधे बाजारात मिळतात, आणि मोटारवाले ती हौसेने विकतही घेतात. त्यांतली कोणती उपयोगी पडतील आणि कोणती पडूच शकणार नाहीत, हे ओळखायला शाळेतले विज्ञान पुरेसे आहे. चला, सुरुवातीपासून पाहू.

झडपेची पाठ

बहुतेक मोटारींतले पेट्रोल एंजिन चार धावांच्या चक्रावर चालते. जर्मनीतील निकोलस ऑटो याने १८७६ मध्ये असे एंजिन चालवून दाखवले. पहिल्या धावेत दट्ट्या खाली जातो, प्रवेशझडप उघडते आणि हवा सिलिंडरात ओढली जाते. दुसऱ्या धावेत दोन्ही झडपा बंद असतात, दट्ट्या वर येतो आणि आतला वायू दाबला जातो. मग ठिणगी पडते, इंधन पेटते आणि तापलेला वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतो. ही तिसरी धाव. चौथ्या धावेत निकासझडप उघडते आणि जळका वायू बाहेर जातो.

झडपेचा आकार उघडलेल्या छत्रीसारखा असतो असे समजा. फक्त ही छत्री उलटी धरलेली आहे. दांडा वर आणि पसरट तबकडी खाली. तबकडीचे तोंड सिलिंडराकडे असते, तिथे आग भडकते. तबकडीची पाठ मात्र हवेच्या मार्गात असते. आग पेटते तेव्हा झडप घट्ट मिटलेली असल्यामुळे या पाठीला ज्योत लागत नाही. आपले किटण साचते ते प्रवेशझडपेच्या या पाठीवर आणि दांड्याच्या बुडाशी.

ही झडप किती वेळा उघडते याचा हिशेब करून पाहू. एंजिन मिनिटाला २४०० फेरे फिरत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला १२०० वेळा झडप उघडेल. सेकंदाला २० वेळा, तासाला ७२,००० वेळा! मोटार ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने एक लाख किलोमीटर चालली, तर एंजिन २,५०० तास चालले आणि झडप १८ कोटी वेळा उघडली. आता समजा, दर उघडझापीला ग्रॅमचा अवघा दहा कोटीवा भाग एवढे द्रव्य तिच्यावर चिकटून राहिले. एवढासा कण कोणत्या साध्या तराजूला दिसणार? पण शेवटी झडपेवर १·८ ग्रॅम किटण जमा झालेले असेल. दहा कोटीवा भाग हा आकडा आपण समजुतीसाठी धरला आहे. त्यातून एवढेच ध्यानात घ्यायचे, की फार मोठ्या संख्येने गुणले की नगण्य गोष्ट नगण्य राहत नाही.

पेट्रोल मिसळायचे कोठे?

पूर्वी हे काम कार्ब्युरेटर करीत असे. हवेच्या प्रवाहात पेट्रोल ओढले जाई आणि दोहोंचे मिश्रण झडपेवरून आत शिरे. पुढे कार्ब्युरेटरच्या जागी फवारे आले. प्रत्येक सिलिंडराच्या तोंडाशी, हवेच्या मार्गात एकेक बारीक फवारा बसवला आणि त्यातून वातावरणाच्या तीन-चार पट दाबाने पेट्रोल उडवले जाऊ लागले. फवाऱ्याचा नेम प्रवेशझडपेच्या पाठीवर धरलेला असे. ही झडप गरम असते, त्यामुळे तिच्यावर पडलेल्या पेट्रोलची चटकन वाफ होते, आणि वाफ झाल्याशिवाय पेट्रोल नीट जळत नाही.

यातून न मागता आणखी एक काम होत असे. कपड्यावर लागलेला ग्रीसचा डाग पेट्रोलने निघतो, हे तुम्ही पाहिले असेल. पेट्रोल हे तेलकट पदार्थांचे चांगले विद्रावक आहे. म्हणजे सेकंदाला वीस वेळा झडपेची पाठ पेट्रोलने धुतली जात होती! तरीही या एंजिनांत किटण मुळीच धरत नसे असे नाही. म्हणून पेट्रोलमध्येच मळ काढणारे रसायन थोडेसे मिसळण्याची पद्धत आली. अमेरिकेत १९९५ पासून अशी भर घालणे सक्तीचे झाले. पेट्रोल झडपेवर पडत होते, म्हणून त्यातले रसायनही झडपेपर्यंत पोहोचत होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते लागणार आहे.

फवारा आत का नेला?

मग असे चांगले चाललेले असताना फवारा सिलिंडराच्या आत का नेला? याचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ‘बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता’ या प्रकरणात आहे.

हातावर स्पिरिट चोळले की गार वाटते. स्पिरिटची वाफ होताना ते हाताची उष्णता घेते. पेट्रोलचेही तसेच. एक ग्रॅम पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे ३५० ज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १५ ग्रॅम हवा लागते. एक ग्रॅम हवा एक अंशाने तापवायला सुमारे १ ज्यूल आणि एक ग्रॅम पेट्रोल एक अंशाने तापवायला सुमारे २ ज्यूल उष्णता लागते. म्हणजे हे सगळे मिश्रण एक अंशाने थंड करायचे, तर त्यातून १७ ज्यूल काढून घ्यावे लागतील. पेट्रोलने आपली सर्व उष्णता या मिश्रणातूनच घेतली, तर ३५० भागिले १७, म्हणजे मिश्रण सुमारे २० अंशांनी थंड होईल.

पेट्रोल झडपेच्या पाठीवर पडते तेव्हा हा लाभ पुरता मिळत नाही, कारण बरीचशी उष्णता ते झडपेच्या आणि मार्गाच्या तापलेल्या धातूतून घेते. ते सिलिंडराच्या आत, हवेतच फवारले, तर उष्णता मुख्यतः हवेतून जाते.

वीस अंशांनी असे काय मोठे होणार, असे तुम्ही म्हणाल. पण वायू झटकन दाबला की तापतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते ते थोडे घर्षणामुळे आणि बरेचसे याच कारणाने. मिश्रण दहापट दाबले, तर त्याचे निरपेक्ष तापमान साधारण सव्वादोन पट होते. म्हणून आरंभीचा २० अंशांचा फरक दाबण्याच्या शेवटी ४५ अंशांपर्यंत वाढतो. मिश्रण जास्त तापले, तर त्याचा काही भाग ज्योत पोहोचण्याआधी आपोआप भडकतो आणि एंजिन खटखट वाजू लागते. मिश्रण थंड राहिले की ही भीती कमी होते, आणि ते अधिक दाबता येते. जितके अधिक दाबावे तितके इंधनाचे अधिक चीज होते. आदर्श एंजिनाचा हिशेब केला, तर नऊपट दाबल्यास उष्णतेचा ५८ टक्के भाग कामी येतो, बारापट दाबल्यास ६३ टक्के. प्रत्यक्ष एंजिनात घर्षण, उष्णतेची गळती वगैरेंमुळे हे आकडे पुष्कळ खाली येतात, पण वाढ होते ती खरीच.

ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लढाऊ विमानांच्या डायम्लर-बेंझ एंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जात असे. १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या ‘३०० एस.एल.’ या शर्यती वळणाच्या मोटारीत ही पद्धत आली. पण दट्ट्याची एक धाव २४०० फेऱ्यांना सेकंदाच्या ऐंशीव्या भागात संपते. एवढ्या वेळात मोजून-मापून पेट्रोल फवारणे यांत्रिक साधनांना अवघड व महागाचे होते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले तेव्हा वाट मोकळी झाली. १९९६ मध्ये जपानच्या मित्सुबिशी कंपनीने असे एंजिन नेहमीच्या वापराच्या मोटारीत आणले. त्यात फवारणीचा दाब वातावरणाच्या सुमारे पन्नासपट होता. आज तो दोनशे ते साडेतीनशे पटींपर्यंत गेला आहे. आपल्या रस्त्यांवरही काही मोटारींच्या पाठीवर जी.डी.आय. किंवा टी.एस.आय. अशी अक्षरे दिसतात. ती अशाच थेट फवारणीच्या एंजिनांची आहेत.

इंधनाची बचत झाली, शक्तीही वाढली. पण झडपेची पाठ धुण्याचे काम कोणी नेमून दिलेले नव्हते, ते पेट्रोल जाता जाता करीत होते. फवारा आत गेला आणि ते काम थांबले.

किटण आले कोठून?

धुणे थांबले हे समजले. पण मळ मुळात आला कोठून?

दट्ट्या सिलिंडरात घट्ट बसावा म्हणून त्याच्याभोवती धातूच्या कड्या असतात, त्यांना आपण रिंगा म्हणतो. आत आग भडकते तेव्हा दाब वातावरणाच्या पन्नासपटीच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो. एवढ्या दाबाखाली थोडा वायू रिंगांच्या फटींतून निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. क्रँककेस म्हणजे एंजिनाची खालची पेटी. तिथे वंगणतेल तापलेले असते आणि फिरत्या भागांमुळे त्याचे तुषार उडत असतात. निसटलेला वायू, तेलाचे सूक्ष्म तुषार, तेलाची वाफ, थोडे न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ यांचे धुके त्या पेटीत भरते. ते बाहेर काढले नाही, तर पेटीतला दाब वाढेल आणि तेल सांध्यांतून गळू लागेल.

पूर्वी एक नळी लावून हे धुके सरळ रस्त्यावर सोडून देत. पुढे अमेरिकेतील लॉस एंजल्स शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके दाटू लागले. तेथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले, की इंधनाची न जळलेली वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनते. तेव्हा मोटारीतून निसटणारी प्रत्येक वाफ अडवणे आले. १९६० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील नव्या मोटारींत क्रँककेसची नळी रस्त्याकडून काढून हवा आत घेण्याच्या मार्गाला जोडण्यात आली. धुके पुन्हा सिलिंडरात जाऊन जळू लागले. आज ही व्यवस्था सर्वत्र रूढ आहे.

म्हणून गाळणीतून आलेली हवा झडपेपाशी पोहोचेपर्यंत स्वच्छ राहिलेली नसते. वाटेत तिच्यात तेलाचे धुके मिसळते. झडपेच्या दांड्यालगतच्या सीलमधूनही थोडे तेल खाली झिरपते. शिवाय प्रवेशझडप उघडते त्या क्षणी थोडा जळका वायू मागे फिरून तिच्या पाठीला लागतो, आणि काही एंजिनांत जळक्या वायूचा काही भाग मुद्दामच पुन्हा आत घेतलेला असतो. त्यातली काजळी तेलावर बसते.

स्वयंपाकघरातला पुरावा

पण तेल हे द्रव आहे. त्याचा टणक काळा थर कसा होतो? याचा पुरावा तुमच्या स्वयंपाकघरात टांगलेला आहे. धूर बाहेर टाकणाऱ्या पंख्याची पाती पाहा. त्या पात्यांना ज्योत कधी लागत नाही. तरी त्यांवर तपकिरी-काळा चिवट राप चढतो, आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही. फोडणीतून उडालेले तेलाचे तुषार पात्यांवर पातळ पसरतात. पातळ थराला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो. तेलाचे रेणू ऑक्सिजनशी संयोग पावतात, एकमेकांना जोडले जातात, त्यांच्या लांब साखळ्या आणि जाळी बनतात. आधी चिकट, मग राळेसारखा, मग टणक असा तो थर होत जातो.

झडपेवर हीच क्रिया जास्त उष्णतेत, म्हणून जास्त वेगाने होते. वंगणतेल खनिज जातीचे आहे आणि फोडणीचे तेल वनस्पतिज, त्यामुळे रसायनाचा तपशील वेगळा. पण पातळ थर, ऊब आणि ऑक्सिजन ही सामग्री तीच. यात काजळी आणि तेलातल्या रसायनांची राखही मिसळते. म्हणून ‘कार्बन साचला’ असे आपण म्हणत असलो, तरी तो कंदिलाच्या काचेवरच्या काजळीसारखा बोटाने पुसता येणारा कार्बन नसतो.

इथे एक शंका येईल. निकासझडप तर याहून तापते, मग तिच्यावर असे थर का नाहीत? निकासझडपेचे तापमान भर कामात ६०० अंश सेल्सियसच्या वर जाते. एवढ्या उष्णतेत असा थर बराचसा जळून जातो. प्रवेशझडप अधेमधेच राहते. तेल सुकवून घट्ट करण्याइतकी ती गरम असते, पण ते जाळून टाकण्याइतकी नसते.

एक साधा प्रयोग करा. स्टीलची दोन जुनी झाकणे शेगडीपासून सुरक्षित अंतरावर, पण फोडणीची वाफ लागेल अशी टांगा. एक झाकण रोज रात्री कापडाने पुसा. दुसऱ्याला हात लावू नका. महिन्याने दोन्ही साबणाने धुऊन पाहा. पहिले सहज स्वच्छ होईल, दुसरे दमवील. पहिले झाकण म्हणजे जुन्या एंजिनातली झडप आणि दुसरे नव्या एंजिनातली.

बिघडते काय?

झडपेच्या पाठीची गोलाई हवा सुरळीत आत वळावी म्हणून दिलेली असते. तिच्यावर खडबडीत गठ्ठे वाढले, की वाट अरुंद होते आणि प्रवाहाला वेडेवाकडे भोवरे पडतात. चारही झडपांवर किटण सारखे वाढत नाही, त्यामुळे एका सिलिंडराला हवा जास्त तर दुसऱ्याला कमी मिळते. मोटार उभी असताना एंजिन थरथरते, थंडीत सुरू करताना अडखळते, चढावर जोर कमी पडतो. हे सर्व हळूहळू, काही वर्षांत होते. त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही.

औषध जागेवर पोहोचते का?

आता उपायांकडे वळू. प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारायचा: हे जिथे किटण आहे तिथे पोहोचते का, किंवा जिथून मळ निघतो तिथे त्याला अडवते का?

पेट्रोलच्या टाकीत ओतायची औषधे घ्या. ही पेट्रोलबरोबर जाणार. पेट्रोल फवाऱ्यातून सरळ सिलिंडरात जाणार. म्हणजे फवाऱ्याची बारीक भोके आणि सिलिंडराचा आतला भाग यांना त्यांचा उपयोग होऊ शकेल, आणि तोही महत्त्वाचा आहे. पण प्रवेशझडपेची पाठ त्यांच्या वाटेवरच नाही. कढईत सोडा घातला म्हणून वरच्या पंख्याची पाती स्वच्छ होतील काय? जुन्या एंजिनाला लागू पडलेले औषध नव्या एंजिनाला लागू पडत नाही ते एवढ्याचसाठी.

खरा प्रतिबंध तेलाच्या बाजूने करायचा. तो असा:

१. निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच वंगणतेल वापरावे. तेल हे अनेक पदार्थांचे मिश्रण असते आणि तापल्यावर त्यातला हलका भाग आधी उडतो. किती उडतो ते मोजण्यासाठी नोआक चाचणी आहे. तेल २५० अंश सेल्सियसवर एक तास ठेवायचे आणि वजनात किती घट झाली ते पाहायचे. मोटारींच्या तेलासाठी प्रचलित अमेरिकन मानकात ही घट १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. जे तेल कमी उडते, त्याचे धुकेही कमी होते.

२. तेल वेळेवर बदलावे, आणि खुणेपेक्षा जास्त भरू नये. पातळी फार वर गेली, तर फिरते भाग तेल घुसळतात आणि तुषार वाढतात.

३. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर एंजिन पुरते तापत नाही. थंड सिलिंडराच्या भिंतीला लागलेले पेट्रोल आणि ज्वलनातून तयार झालेले पाणी तेलात उतरते आणि तिथेच राहते. अधूनमधून लांबची फेरी झाली, की तेल चांगले तापून हे पाणी व पेट्रोल उडून जाते. लांबच्या फेरीने झडपेवरचे जुने, टणक किटण मात्र निघून जात नाही. तशी अपेक्षा धरू नये.

४. क्रँककेसच्या नळीवर एक छोटी नियंत्रक झडप असते. ती अडकली, तर तेल अधिक ओढले जाते. तपासणीच्या वेळी ती पाहून घ्यावी, आणि खराब झाली असल्यास बदलावी.

५. काही मोटारवाले या नळीच्या वाटेत तेल वेगळे करणारे डबे बसवतात. धुके डब्यातल्या जाळीवर आदळते, तुषार एकत्र येऊन थेंब बनतात आणि तळाशी साचतात. सर्व तेल त्यात अडत नाही, पण धुके कमी होते. डबा बंद असला पाहिजे, त्यातून निघालेला वायू परत एंजिनातच गेला पाहिजे, आणि तो वेळच्या वेळी रिकामा केला पाहिजे.

आणि एक उपाय करू नये. कोणी सुचवील, ‘ही नळीच काढून बाहेर सोडा, म्हणजे झडपेला तेल लागणारच नाही.’ झडप स्वच्छ राहील हे खरे. पण ते धुके रस्त्यावर, पादचाऱ्यांच्या नाकात जाईल. लॉस एंजल्सच्या लोकांनी डोळे चोळत जो धडा घेतला, तो एका झडपेसाठी विसरायचा काय? किटण आपल्या एंजिनाचे आहे, हवा सर्वांची आहे.

साचलेले काढायचे कसे?

किटण ताजे व मऊ असेल, तर हवेच्या मार्गातून फवारायची विद्रावके ते काही अंशी सैल करतात. ती जागेवर पोहोचतात, म्हणून त्यांचा विचार करता येतो. मात्र ती निर्मात्याची अनुमती असेल तरच आणि जाणत्या माणसाकडूनच वापरावीत. टणक किटणासाठी हवेचा मार्ग खोलून, झडप मिटलेली ठेवून, अक्रोडाच्या कवचाचा भरड चुरा दाबाच्या हवेने तिच्यावर मारतात आणि लगोलग ओढून घेतात. तुम्ही म्हणाल, अक्रोडच का, वाळू का नाही? वाळू धातूलाही ओरखडे काढील, आणि तिचा एखादा कण आत राहिला तर सिलिंडराची भिंत खराब करील. अक्रोडाचे कवच किटण उखडण्याइतके कठीण असते, पण झडपेच्या पोलादाला ते इजा करीत नाही.

अभियंत्यांनी यावर मुळातूनही विचार केला आहे. तेल वेगळे करण्याची सोय एंजिनातच अधिक चांगली केली जाते. जपानच्या टोयोटा कंपनीने २००५ मध्ये एका एंजिनात प्रत्येक सिलिंडराला दोन फवारे दिले, एक आत आणि एक हवेच्या मार्गात. कोणत्या वेळी कोणता चालवायचा हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. बाहेरचा फवारा चालू असतो तेव्हा झडप पुन्हा पूर्वीसारखी धुतली जाते. पुढे इतर कंपन्यांनीही अशी एंजिने काढली. अर्थात दोन फवारे म्हणजे खर्च जास्त, म्हणून सगळ्याच एंजिनांत ते नसतात.

आता कोड्याचे उत्तर तुम्हांला देता येईल. झडपेवरचे किटण पेट्रोलचे नाही, ते मुख्यतः वंगणतेलाचे आहे. पेट्रोल ते काढीत होते. एखाद्या यंत्रात सुधारणा करताना जुना भाग हलवावा लागला, तर त्याला नेमून दिलेले काम कोणते हे सगळेच पाहतात. तो न सांगता आणखी काय करीत होता, हेही पाहावे लागते. तुमच्यापैकी जे उद्या यंत्रे बनवतील, त्यांनी हे आजच टिपून ठेवावे.

विचार करा

१. पेट्रोलऐवजी अल्कोहोल वापरले, तर एका ग्रॅमच्या बाष्पीभवनाला जवळजवळ अडीचपट उष्णता लागते, आणि एका ग्रॅमला हवा सुमारे ९ ग्रॅमच पुरते. मग थेट फवारणीने मिश्रण पेट्रोलपेक्षा जास्त थंड होईल की कमी? आकडे मांडून पाहा.

२. एंजिन मिनिटाला ६००० फेरे फिरत असेल, तर आत फवारणी करायला शोषणाच्या धावेत किती वेळ मिळेल?

३. डिझेल एंजिनातही इंधन आतच फवारतात. त्याच्या प्रवेशझडपेच्या पाठीवर किटण साचेल काय? कोणकोणत्या वाटांनी? कारणे द्या.